पाना-पक्कड : जाम पिस्टन, आईचा ओव्हन आणि उरलेला वॉशर

जुन्या मोटरसायकली घरी उघडून बसलेल्या वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

प्रश्न : काका, वडील गेले तेव्हा त्यांची एक सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी शेडमध्ये लावली, ती 19 वर्षं तिथेच आहे. आता ती चालू करायचं मनावर घेतलंय, पण किक जागची हलत नाही. एक मित्र म्हणतो, तिसरा गिअर टाक, दोघं मिळून ढकलू, सुटेल. दुसरा म्हणतो, हेड काढ आणि पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हाण. पिस्टन-रिंगचा नवा संच मी आधीच मागवून ठेवलाय. सुरुवात कुठून करू?
— शेडमधला

उत्तर : दोन्ही मित्रांना सध्या घरी पाठवा. आणि तो पिस्टनचा संच परत करता येत असेल तर आजच करा. का, ते पुढे येईलच.

किक हलत नाही म्हणजे पिस्टनच अडकलाय असं धरून चालू नका. कधी कधी किकचा शाफ्टच गंजून बसलेला असतो आणि इंजिन बिचारं मोकळं असतं. मॅग्नेटचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या टोकावरच्या चुंबकी चाकाचं, झाकण काढा, प्लग काढा, गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करा आणि मॅग्नेटच्या मधल्या नटाला बॉक्स पाना लावून हळूच दोन्ही दिशांना हलवून बघा. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. जरासुद्धा हललं नाही तर मग पिस्टन.

आता पिस्टन कुठे अडकलाय ते बघा. प्लगच्या भोकातून एक बारीक लाकडी काडी आत सोडली की कळतं. हे महत्त्वाचं, कारण टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात. पिस्टन खाली असेल तर तुम्ही वरून ओतलेलं औषध खिडक्यांतून थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीत, जाईल आणि रिंगांना काही मिळणार नाही. पिस्टन वर असेल तर नशीब चांगलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घ्या, दोन-तीन चमचे आत सोडा, प्लग हातानंच बसवा आणि विसरून जा. रोज संध्याकाळी एकदा तो नट हलवून बघा. आठवडा लागला तरी चालेल. 19 वर्षं लागलीच आहेत. ॲसिटोन चटकन पेट घेतं आणि रंग खातं, तेव्हा टाकीवर थेंब पडू देऊ नका आणि जवळपास ज्योत नको.

ढकलायचं का नाही? गाडीचं आणि दोन माणसांचं वजन चाकातून, साखळीतून, गिअरच्या दातांतून शेवटी त्या अडकलेल्या पिस्टनवर येतं. काहीतरी सुटतं खरं, पण ते पिस्टनच असेल असं नाही. आणि ठोकळा ठेवून हाणणं तर त्याहून वाईट. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एका रेषेत असतात. मग घाव क्रँक फिरवतच नाही, तो सरळ बिग-एंडच्या, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, रोलरांवर उतरतो आणि त्यांच्या रस्त्यावर खळगे पाडतो. पिस्टन सुटेलही, पण पुढे जन्मभर खडखड ऐकाल.

सुटला की माझ्यासारखं करू नका. मी बावीस वर्षांचा असताना असाच एक पिस्टन सुटला. आनंदाच्या भरात प्लग लावला, थोडं पेट्रोल ओतलं, किक मारली. चालूही झाली! दहा-बारा सेकंद. खाचेत गंजून बसलेली रिंग सायलेन्सरच्या खिडकीत अडकली, तिचा तुकडा पडला आणि त्या तुकड्यानं हेड आणि पिस्टनचं डोकं मिळून पुरणयंत्रातून काढल्यासारखं करून ठेवलं. तो पिस्टन अजून माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून.

तेव्हा सुटला की सिलिंडर वर काढायचा, आणि मग खरं काम. एकतीस वर्षं मी टूलरूममध्ये मायक्रोमीटर हातात घेऊन घालवली, त्यामुळे माझा हा हट्ट समजा, पण मोजल्याशिवाय एकही वस्तू मागवायची नाही. सिलिंडर आतून तीन उंचीवर मोजा: वर, मध्ये, खाली. प्रत्येक ठिकाणी दोनदा, एकदा पिनच्या (पिस्टन रॉडला जोडते ती) दिशेत आणि एकदा तिला काटकोनात. सहा आकडे वहीत लिहा. ते सहाही सारखे आले तर मोजताना चुकलात, परत मोजा. झिजलेला सिलिंडर वरती रुंद आणि खाली अरुंद असतो, शिवाय थोडा लंबगोल. किती झीज चालते तो आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

पिस्टन मोजताना लोक हमखास डोक्याशी मोजतात. पिस्टन मुद्दामच निमुळता आणि लंबगोल केलेला असतो, कारण डोकं जास्त तापतं, जास्त फुगतं. मोजायचं ते खाली, स्कर्टच्या तळाजवळ, पिनला काटकोनात. अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून पिस्टन आणि बिडाचा सिलिंडर यांच्यात थंड असताना नेमकी फट ठेवावी लागते. ती कमी झाली तर इंजिन तापल्यावर पुन्हा जाम, जास्त झाली तर पिस्टन आत टपटप वाजत राहतो.

आता तुमच्या त्या संचाकडे येऊ. जुना पिस्टन पुसून त्याच्या डोक्यावर बघा. 25, 50 किंवा 0.50 असं काही कोरलेलं दिसलं तर त्या गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, आधीच एकदा मारून मोठा केलेला आहे आणि तुम्ही मागवलेला स्टँडर्ड पिस्टन त्यात घागरीत चमचा टाकल्यासारखा वाजेल. काही कोरलेलं नसलं तरी 19 वर्षांच्या गंजाचे खड्डे गुळगुळीत करायला बोअर वाढवावाच लागेल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. क्रम असा: सिलिंडर मोजायचा, पुढच्या कोणत्या मापात सगळे खड्डे निघतील ते ठरवायचं, त्या मापाचा पिस्टन मागवायचा, आणि *तो पिस्टन* लेथवाल्याच्या हातात देऊन त्याच्या मापानं बोअर मारून घ्यायचा. आधी बोअर आणि मग पिस्टन, हे उलटं.

बोअर मारून आला की खिडक्यांच्या कडांवर बोट फिरवा. धारदार लागल्या तर परत द्या आणि कडा किंचित मारून घ्या, नाहीतर रिंग तिथे अडकते. माझी अडकली तशी. मग नवी रिंग एकटीच सिलिंडरमध्ये सोडा, पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ करा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं मोजा. मॅन्युअल नसेल तर बोअरच्या दर मिलिमीटरला 0.004 मि.मी. धरा, 58 मि.मी.च्या बोअरला साधारण 0.23 मि.मी. येते. कमी भरली तर रिंगचं टोक बारीक कानशीनं एका दिशेनं घासा.

आणि धुणं. लोक नवा बोअर पेट्रोलनं पुसतात, कापड स्वच्छ निघालं की खूश. होनिंगची, म्हणजे बोअर शेवटी दगडानं घासतात त्याची, बारीक वाळू धातूच्या रेघांत बसलेली असते, पेट्रोल तिला नुसतं भिजवतं. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश, अगदी खसखसून. कोरडा करून लगेच तेल लावा, मग पांढऱ्या कापडानं पुसा. कापडावर करडा डाग आला की पुन्हा साबण. मला साधारण चौथ्या वेळेला पांढरं कापड पांढरं मिळतं.

खालचा भाग, म्हणजे क्रँक, उघडायचा की नाही ते रॉड सांगेल. क्रँककेसच्या तोंडात आधी स्वच्छ चिंधी कोंबा, सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी बारीक कडी) आत पडली की दिवस गेला. रॉड डावी-उजवीकडे थोडा सरकतो, ते बरोबर आहे, ती फट ठेवलेलीच असते. पण मॅग्नेट घट्ट धरून रॉड सरळ वर ओढा, खाली दाबा. वर-खाली जरासा जरी खळखळला तर क्रँक बाहेर. आणि त्याचा नवा रॉड घरी बसवायचा नाही. त्याला प्रेस लागतो आणि नंतर दोन सेंटरमध्ये धरून, डायल लावून क्रँक शतांश मिलिमीटरमध्ये सरळ करावा लागतो. एवढं एकच काम बाहेर द्या, बाकी सगळं शेडमध्ये होतं.

प्रश्न : आई मोटरसायकलचं इंजिन बांधते आहे आणि तिनं आमचा ओव्हन ताब्यात घेतलाय. म्हणते, क्रँककेस भाजल्याशिवाय बेअरिंग बसणार नाही. हे खरं आहे का? बाबा म्हणतात, तुम्हालाच विचारू.
— मधल्यामध्ये सापडलेली

उत्तर : आई बरोबर आहेत. ओव्हन मात्र चुकीचा आहे.

हिशेब बघा. 6205 नंबरचं बेअरिंग आतून 25, बाहेरून 52 मि.मी. असतं. अॅल्युमिनियमची केस 20 अंशांवरून 100 अंशांवर नेली तर 52 मि.मी.चं घर जवळजवळ 0.095 मि.मी.नं मोठं होतं. बेअरिंग तोवर फ्रीजरमध्ये ठेवलं तर तेही दोन-अडीच शतांश मिलिमीटरनं आक्रसतं. घट्ट बसण्यासाठी ठेवलेला फरक याहून बराच कमी असतो, म्हणून बेअरिंग नुसतं सोडलं तरी टक् करून तळाशी जातं. थंड केसमध्ये हातोडीनं ठोकून बसवलेलं बेअरिंग वाकडं जातं, घर ओरबाडतं, आणि पुढच्या वेळी तिथे सैल बसतं. जुनी बेअरिंगं काढायचीही हीच युक्ती: केस गरम करून लाकडी पाटावर पालथी आपटली की आपोआप पडतात. तापलं की नाही ते बघायला पाण्याचा थेंब टाकायचा, चर्र् करून नाचला पाहिजे. ऑइल सील मात्र आधी काढायची आणि केस गार झाल्यावर नवी बसवायची. रबर भाजायचं नाही. आणि गॅसची ज्योत एकाच जागी लावायची नाही, केस वाकते.

पण जुन्या केसच्या कोपऱ्याकोपऱ्यात तेल आणि साफसफाईचं द्रावण मुरलेलं असतं, ते तापलं की वाफा निघतात. त्या वाफा खाण्याच्या ओव्हनमध्ये नकोत. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरनं केस धुतली असेल आणि ती तापवली किंवा वेल्डिंगखाली गेली, तर त्यातून फॉसजीनसारखा विषारी वायू होऊ शकतो. आईंना एखादा जुना, टाकाऊ ओव्हन किंवा विजेची शेगडी मिळवून द्या, ती अंगणात ठेवा, बाबांचा ओव्हन बाबांना परत. आणि जुने ब्रेक-शू असतील तर ती धूळ फुंकरीनं किंवा हवेनं उडवायची नाही, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. हे जरा दरडावून सांगा, आईंना माझ्या नावावर खपवा.

प्रश्न : जपानी गाडी आहे, सत्तरच्या दशकातली. इंजिनच्या बाजूच्या झाकणाचे चार-पट्टीचे स्क्रू सगळे गुळगुळीत झाले. दोष माझा की स्क्रूचा?
— पेचकसवाला

उत्तर : पेचकसचा. जपानी गाड्यांचे ते स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, पण जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं. फिलिप्स पेचकस तळाला टेकतच नाही, जोर दिला की वर सरकतो आणि कडा खातो. जेआयएस पेचकस घ्या, आणि हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. आधी झाकणाचा तेवढा भाग हीट-गननं तापवा, ड्रायव्हर खाचेत दाबून धरा, एक ठोका. पहिल्याच ठोक्याला निम्मे सुटतात. जे सुटत नाहीत त्यांची डोकी ड्रिल करून उडवा, झाकण निघालं की उरलेला दांडा पकडीनं सहज फिरतो.

नवे अॅलन-की चे स्क्रू लावलेत तर एक ध्यानात ठेवा: त्यांची किल्ली लांब असते, म्हणून माणूस नकळत जास्त आवळतो आणि अॅल्युमिनियमचे आटे घेऊन येतो. मी किल्लीचा आखूड हात धरून आवळतो.

प्रश्न : टाकीत मूठभर गंज आहे. कोणी म्हणतं ॲसिड, कोणी म्हणतं आत नट-बोल्ट टाकून हलव, कोणी म्हणतं आतून रंग मार.
— गंजका

उत्तर : सायट्रिक ॲसिड. लिटरला 50 ते 100 ग्रॅम, कोमट पाण्यात. नळ आणि झाकण काढून घ्या, भोकं बुचांनी बंद करा, टाकी काठोकाठ भरा म्हणजे वरचं छतही भिजेल. दिवसभर ठेवा, अधूनमधून आत टॉर्च मारून बघा. गंज गेला की ओता, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, आणि मग घाई: ओली लोखंडी टाकी डोळ्यांदेखत तांबूस होते. गरम हवेनं सुकवून लगेच आतून तेल फिरवा. तीव्र मिठाचं आम्ल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) वापरू नका, ते गंज संपला की पत्रा खातं आणि त्याच्या वाफेनं खोलीतली बाकीची हत्यारंही गंजतात.

नट-बोल्टचा एखादा तरी आत राहतो. आतून लावायच्या लेपावर माझा विश्वास नाही. नीट चिकटला नाही तर वर्षा-दोन वर्षांनी त्याचे पापुद्रे जेटमध्ये येतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही पेट्रोलपासून वेगळी होऊन तळाला बसतात. म्हणून टाकी तळाकडून कुजते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा.

भोक पडलं असेल तर स्वतः वेल्डिंग करू नका. टाकी रिकामी *दिसते*. पेट्रोल नाही, त्याची वाफ स्फोट करते.

प्रश्न : माझी फोर-स्ट्रोक शिशाच्या पेट्रोलच्या काळातली आहे. हल्लीच्या पेट्रोलनं व्हॉल्व्ह जातील का?
— जुना हिशेब

उत्तर : शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, त्यानंही ते 2021 मध्ये थांबवलं, तेव्हा पर्याय तसाही नाही. शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर उशीसारखा बसायचा. ज्या हेडमध्ये बैठक बिडातच कापलेली आहे तिथे काळजी. तुमचं हेड अॅल्युमिनियमचं असेल तर त्यात कठीण धातूच्या बैठका बसवलेल्याच असतात, कारण अॅल्युमिनियम त्या कामाला मऊ पडतं. टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यामधली) फट दर काही दिवसांनी मोजून लिहा. एक्झॉस्टची फट आपोआप *कमी* होत चालली तर व्हॉल्व्ह बैठकीत रुततोय. तशीच राहिली तर चालवा.

प्रश्न : टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण बांधलं, चालू केलं. पाच मिनिटं छान, मग ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज आपोआप चढत जातो, चोक ओढून बंद करावी लागते. धूर नाही. आणि एक वॉशर उरला. तो कुठला असेल, त्याचमुळे होतंय का? वॉशर सोबत पाठवतो आहे.
— उरलेला

उत्तर : पाकीट फाडलं आणि वॉशर टेबलाखाली गेला. पंधरा मिनिटं मी गुडघ्यावर होतो. पुढच्या वेळी चिकटपट्टी लावा.

दोन वेगळे आजार आहेत. आवाज आपोआप चढतो म्हणजे इंजिनला कुठूनतरी चोरटी हवा मिळते आहे, मिश्रण पातळ होतंय. चोक ओढल्यावर बंद होते, हाही त्याचाच पुरावा: मिश्रण एकदम जाड केलं की ती गुदमरते. टू-स्ट्रोकची क्रँककेस हवाबंद लागते, दोन्ही टोकांना एकेक ऑइल सील. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर निघतो. तुमच्याकडे धूर नाही, म्हणून मी मॅग्नेटच्या बाजूच्या सीलवर बोट ठेवतो. नवं बसवताना त्याची ओठाची कड शाफ्टच्या धारेवर दुमडली असेल.

तपासायला रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र छान चालतं. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबर लावून बंद करा, नळी प्लगच्या भोकातून आत सोडा, पिस्टन खाली न्या म्हणजे खिडक्या उघड्या राहतील. फुगा दाबून काटा 250 वर न्या आणि पाच मिनिटं बघत बसा. काटा उतरला तर साबणाचं पाणी फासा. बुडबुडे आले तिथे चोर. पट्टा-फुगा असलेलं जुनं यंत्र घरात नसेल तर कोणाकडून तरी मागून आणा, पण परत देताना पुसून द्या. हा दोष काढल्याशिवाय गाडी चालवू नका, पातळ मिश्रणावर पिस्टनला भोक पडतं.

आता वॉशर. मी तो मोजला: आतून 15.1, बाहेरून 24, जाडी बरोबर 1.00 मि.मी., दोन्ही बाजू घासून सपाट केलेल्या. बोल्टखालचा वॉशर इतका नेमका कोणी करत नाही. एका बाजूला गोल, चकचकीत पट्टा आहे, दुसरी मळकट. म्हणजे एका बाजूला काहीतरी फिरत होतं आणि दुसरी न फिरणाऱ्या भिंतीला टेकली होती. हा थ्रस्ट वॉशर आहे, गिअरच्या किंवा किकच्या शाफ्टच्या टोकाचा. हवेच्या चोरीशी त्याचा काही संबंध नाही, पण त्याच्याविना शाफ्ट एक मिलिमीटर मागेपुढे सरकतो आणि गिअर निम्म्या दातांवर चालतात.

आधी क्लचचं झाकण काढून किक शाफ्ट बघा, तिथे 15 मि.मी.चं टोक असेल तर केस उघडावी लागणार नाही. तिथे नसेल तर उघडायची. या वेळी पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढा आणि प्रत्येक वस्तू निघेल तशी पुठ्ठ्यात खोचून ठेवा. वॉशर शाफ्टला तेलानं चिकटून येतात, किंवा केसला चिकटून वर राहतात आणि तुम्ही ती केस धुवायला नेता. तुमचा बहुधा तिथेच सुटला.

वॉशर तेल लावून, पुठ्ठ्याला चिकटवून उलट टपाली पाठवतो आहे. चकचकीत बाजू फिरणाऱ्या गिअरकडे.